धरमशालेत हॉटेल घेताय? आधी विचारा, कुठल्या धरमशालेत!

नमस्कार मंडळी! हिमाचलच्या धरमशालेला क्रिकेटची मॅच आहे असं कळलं की माझ्या कमेंट्समध्ये एकच धोशा सुरू होतो. ‘ताई, स्टेडियमजवळ, दलाई लामांच्या मंदिराजवळ आणि धबधब्याजवळ असं एखादं हॉटेल सांगा ना.’ अहो, असं हॉटेल नाहीच! सांगू कुठून?

गोव्याहून कसं जायचं ते पटकन. मडगावहून चंदीगडला गोवा संपर्क क्रांती, पुढे बस. नाहीतर विमानानं दिल्ली, तिथून गग्गलच्या विमानतळावर किंवा रात्रीच्या व्होल्वोनं. झालं. यावर ढीगभर व्हिडिओ आहेत, ते बघा.

आता खरं काम. (नकाशा स्क्रीनवर.) धरमशाला हे नाव एक, पण वस्त्या अनेक. हा खालचा भाग: कोतवाली बाजार, कचेरी, मुख्य बसस्टँड, क्रिकेटचं स्टेडियम. हे वर डोंगरावर मॅक्लोडगंज, दलाई लामांचं मंदिर इथे. त्याच्या थोडं अलीकडे फोर्सिथगंज आणि लष्कराची छावणी. मॅक्लोडगंजच्याही पुढे भागसू (धबधबा इथला), धरमकोट, नड्डी. आणि खाली पार दुसऱ्या अंगाला सिद्धबाडी, तिथे तपोवनात हिमाचल विधानसभेची दुसरी इमारत. 2015 साली महानगरपालिका झाली तेव्हा आजूबाजूची आणखी गावं आत आली. म्हणजे कागदावर शहर एक, पायांना मात्र सात-आठ.

माझ्या आतेभावानं नेमकं हे न विचारताच हॉटेल घेतलं. साखळीहून आई-वडिलांना घेऊन निघाला. हॉटेलच्या पानावर लिहिलेलं, ‘मंदिरापासून दोन किलोमीटर’. खोटं नव्हतं हो! सरळ रेघ मारली तर दोनच. पण ती रेघ डोंगराच्या पोटातून जाते! हॉटेल कोतवाली बाजाराच्या खाली, मंदिर डोक्यावर, आणि मोठा रस्ता वळणं घेत नऊ-दहा किलोमीटर. खडा डंडा नावाचा जवळचा रस्ता आहे, पण नावातच चढ आहे. आत्याचे गुडघे, मामांचा दमा. रोज टॅक्सी. घरी येऊन तो मलाच म्हणतो, ‘तू आधी सांगायचं नाहीस?’ घ्या.

बसचंही तेच. हिमाचल परिवहनच्या बऱ्याच गाड्या खालच्या स्टँडवर थांबतात, काहीच वर जातात. तिकिटावर ‘धरमशाला’ दिसलं म्हणून निवांत झोपू नका. शेवटचा थांबा कुठला ते वाचा. पहाटे बॅगा घेऊन खालच्या स्टँडवर उभं राहिलं की टॅक्सीवाला सांगेल तो भाव.

हवेचंही तेच. खाली दुपारी अर्ध्या बाह्यांत फिराल, संध्याकाळी धरमकोटला कानटोपी शोधाल. फोनवर ‘धरमशाला’ टाकून तापमान बघायचं आणि त्यावर बॅग भरायची, हे बंद करा.

वास्कोच्या एका दर्शकानं मागच्या व्हिडिओखाली लिहिलंय, ‘ताई, एकच गोष्ट किती वेळा?’ पात्रांव, गोव्याच्या उत्तर टोकाला मोपा विमानतळावर उतरून दक्षिण टोकाच्या किनाऱ्याबद्दल ‘पाळोळे इथून चालत ना?’ विचारणाऱ्याला तू हसतोस की नाही? मग?

हे असं तुटक का वसलं, ते मात्र ऐकण्यासारखं आहे. इंग्रजांनी 1849 मध्ये इथे छावणी टाकली. 1855 मध्ये जिल्ह्याचं ठाणं कांगड्याहून इथे आणलं. वर साहेबांची वस्ती वाढत गेली. मॅक्लोडगंज हे पंजाबच्या लेफ्टनंट गव्हर्नरच्या नावावरून, फोर्सिथगंज एका कमिशनरच्या. मग 4 एप्रिल 1905, पहाटे कांगड्याचा भूकंप. सुमारे वीस हजार माणसं गेली. त्यानंतर सरकारी कारभार खाली सरकला आणि वरचा भाग हळूहळू ओस पडला. 1947 नंतर तर तिथे फारसं कुणी उरलं नव्हतं. 1960 मध्ये दलाई लामा आले, मागोमाग तिबेटी लोक आले, आणि वरची वस्ती पुन्हा भरली. म्हणून आजही वर थुक्पा (तिबेटी नूडल्सचं सूप) आणि प्रार्थनाचक्रं, खाली कोर्ट, वकील आणि झेरॉक्सची दुकानं. मला खालचा बाजारही आवडतो बरं का, लोक त्याला उगाच नाकं मुरडतात.

फोर्सिथगंजजवळ देवदारांत सेंट जॉनचं दगडी चर्च आहे. भूकंपात त्याचा मनोरा पडला, बाकी इमारत उभी राहिली. नंतर इंग्लंडहून आलेली भलीमोठी घंटा मनोऱ्याअभावी बाहेर अंगणातच बसवलेली आहे, 1915 सालची. आवारात व्हाइसरॉय लॉर्ड एल्गिनची कबर. तो 1863 मध्ये इथेच वारला. लोक गाडीतूनच फोटो काढून पुढे जातात. उतरा जरा!

तर हॉटेल. मॅच बघायची तर खाली राहा. सामन्याच्या दिवशी वरून येणाऱ्या रस्त्यावर गाड्या मुंगीसारख्या सरकतात. मंदिर, मोमो, भटकंती हवी तर मॅक्लोडगंज. त्रियुंडचा ट्रेक करायचा तर धरमकोट. आई-वडील बरोबर असतील आणि राहणं खालीच असेल, तर 2022 पासून सुरू झालेला रोपवे वापरा, थेट मंदिराजवळ नेतो. आणि हॉटेलवाल्याला फोन करून ‘मंदिर किती किलोमीटर’ विचारू नका. ‘गाडीनं किती मिनिटं, आणि पायी गेलं तर किती चढ’ असं विचारा. उत्तर द्यायला घुटमळला तर समजा काय ते.

जुलै-ऑगस्टमध्ये नको. वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो तिथे, म्हणजे आपल्या गोव्यासारखाच. फक्त आपल्याकडे तो शेतात साचतो, तिथे डोंगरावरून खाली येतो. 2021 च्या जुलैत भागसूच्या ओढ्यानं उभ्या गाड्या वाहून नेल्या.

शेवटचा प्रश्न, डिचोलीहून: ‘मासळी मिळते का?’ मिळते. पोंग धरणाची, गोड्या पाण्यातली, काटे मोजत खायची. त्यापेक्षा कुठे कांगडी धाम, म्हणजे तिथली पारंपरिक पंगत, असेल तर पानावर बसा आणि मदरा (दह्यातली छोल्यांची भाजी) दोनदा मागा.