एका किलोच्या बाळाचं रक्त

(दृश्य: नवजात बालकांचा अतिदक्षता विभाग. वॉर्मरखाली बाळ, पायाला सॅच्युरेशनची, म्हणजे रक्तातला प्राणवायू मोजणारी पट्टी.)

सातव्या महिन्यात झालेलं बाळ. वजन एक किलो. त्याच्या अख्ख्या अंगात रक्त किती असेल? ८० ते ९० मिलिलिटर. टपरीवरच्या एका कटिंगएवढं.

सिस्टर त्याची टाच हातात धरून जरा ऊब देतात. मग टोचतात. थेंब थेंब रक्त नळीत उतरतं. साखर, कावीळ, जंतुसंसर्ग, रक्तातले वायू... यातली एकही तपासणी हौसेखातर होत नाही. पण नळीत गेलेला एक मिलिलिटर म्हणजे या बाळाच्या रक्ताचा शंभरावा हिस्सा, किंचित जास्तच. त्यात नवं रक्त तयार होण्याचा वेग अजून मंद. हिमोग्लोबिन उतरत जातं आणि एक दिवस डॉक्टर बाहेर येऊन सांगतात, "रक्त चढवावं लागेल." मग सिरिंज पंपातून तीन-चार तासांत साधारण १५ मिलिलिटर लाल पेशी आत जातात.

या १५ मिलिलिटरचा डोळ्याशी काय संबंध?

(दृश्य: डोळ्याच्या पडद्याचं रेखाचित्र. मधल्या बिंदूपासून पसरत जाणाऱ्या लाल रेषा.)

पडद्यातल्या रक्तवाहिन्या गर्भात सोळाव्या आठवड्याच्या सुमारास निघतात. पार कडेपर्यंत पोचायला नऊ महिने पुरे भरावे लागतात. वाढणाऱ्या पडद्याला प्राणवायू जरासा कमी पडत असतो, म्हणून तो व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडून वाहिन्यांना पुढे बोलावतो. बाळ अठ्ठाविसाव्या आठवड्यातच बाहेर आलं, की एकाएकी प्राणवायू मुबलक. बोलावणं थांबतं, वाहिन्या अर्ध्यावरच राहतात. पडदा मात्र वाढतच असतो. काही आठवड्यांनी त्याला प्राणवायू फार कमी पडतो, व्हीईजीएफ उसळतं, आणि नव्या वाहिन्या उगवतात त्या वेड्यावाकड्या. त्या पडद्याला ओढतात. ओढून ओढून तो जागेवरून सुटतो. हाच आरओपी, म्हणजे रेटिनोपथी ऑफ प्रीमॅच्युरिटी. कमी दिवसांच्या बाळाची दृष्टी घेऊ शकणारा आजार.

१९४२ मध्ये बोस्टनचे नेत्रतज्ज्ञ थिओडोर टेरी यांनी या आजाराची पहिली नोंद केली. १९५१ मध्ये मेलबर्नच्या बालरोगतज्ज्ञ केट कॅम्पबेल यांनी प्राणवायूकडे बोट दाखवलं. मग जगभर प्राणवायू देताना हात आखडला गेला. अंधत्व घटलं खरं, पण बाळं दगावू लागली. आज बहुतेक ठिकाणी मॉनिटरवर ९० ते ९५ टक्के सॅच्युरेशन राखतात.

पण मॉनिटर सगळं सांगत नाही. गर्भातलं हिमोग्लोबिन प्राणवायू घट्ट धरून ठेवतं, मोठ्या माणसाचं तो सहज सोडतं. आणि पिशवीतलं रक्त असतं कुणा मोठ्या रक्तदात्याचं. दोन-तीनदा चढवलं, की बाळाचं स्वतःचं हिमोग्लोबिन मागे पडतं. सॅच्युरेशन तेच, ९२. पडद्यात उतरणारा प्राणवायू मात्र जास्त. गर्भातलं हिमोग्लोबिन कमी उरलेल्या बाळांमध्ये आरओपी जास्त, असं अनेक अभ्यासांत दिसलंय. इटलीत तर पूर्ण दिवसांच्या बाळांच्या नाळेतलं रक्त या छोट्यांना देऊन पाहण्याचे प्रयोग झालेत.

मग रक्त चढवूच नये? असं म्हणणारे नातेवाईक भेटतात, आणि ते चुकतात. सर्वांत आजारी बाळालाच रक्त जास्त वेळा लागतं, आणि आरओपीचा धोकाही त्यालाच जास्त. दोष रक्ताचा किती नि आजारपणाचा किती, हे वेगळं काढणं अवघड. २०२० मध्ये दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले, एक अमेरिकेतली, एक युरोपातली. काही बाळांना सढळ हाताने रक्त दिलं, काहींना हात राखून. आरओपीत फरक दिसला नाही. तेव्हा हवं असलेलं रक्त अडवण्यापेक्षा आधी असलेलं रक्त वाचवावं: नाळ कापायला निदान अर्धा-एक मिनिट थांबावं, तपासण्या एकाच टोचण्यात उरकाव्यात, नळ्या छोट्या वापराव्यात.

आरओपीच्या धोक्याच्या रक्तात आणखीही खुणा असतात. जंतुसंसर्ग, वाढलेली साखर, घसरलेल्या प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी. यांपैकी प्लेटलेटचं आरओपीशी नेमकं नातं काय, हे कोडं अजून सुटायचंय.

(दृश्य: डिस्चार्ज कार्ड.)

२०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतल्या, आरओपीने दृष्टी गेलेल्या एका मुलीला सुमारे १ कोटी ८० लाखांची भरपाई दिली. जन्म १९९६चा, कमी दिवसांचा. डोळे वेळेत कुणी तपासलेच नव्हते. तिला का धोका होता, ते सांगताना निकालात रक्त चढवल्याचाही उल्लेख आहे.

आपल्याकडचा नियम असा. जन्म ३४ आठवड्यांच्या आत किंवा वजन दोन किलोंच्या आत असेल, तर ३० दिवसांत डोळ्यांची पहिली तपासणी. २८ आठवड्यांच्या आतलं किंवा १२०० ग्रॅमच्या आतलं बाळ दोन-तीन आठवड्यांतच दाखवायचं. खरी गफलत होते ती ३४ ते ३६ आठवड्यांच्या बाळांबाबत. ती बरी दिसतात, लवकर घरी जातात. पण कार्डावर रक्त चढवल्याची, जंतुसंसर्गाची किंवा बरेच दिवस प्राणवायू दिल्याची नोंद असेल, तर त्यांचीही तपासणी हवीच.

(दृश्य: दुपट्यात गुंडाळलेलं बाळ, बाहुली मोठी करणारे थेंब, डोक्याला दिवा लावलेले डॉक्टर.)

बाळ रडतं, आई तोंड फिरवते, दोन-चार मिनिटांत काम होतं. पहिल्यांदा सगळं ठीक निघालं तरी वाहिन्या कडेपर्यंत पोचेस्तोवर डॉक्टर बोलावतील त्या तारखेला यायचं. उपचार लागलाच, तर लेझर किंवा डोळ्यात इंजेक्शन, आणि तेही दोन-तीन दिवसांच्या आत.