रंगावर जाऊ नका: वाळवंटी मुंग्यांची ओळख

आपल्या भाषेने मुंग्यांचं वर्गीकरण झटपट उरकलंय. लहान ती मुंगी, मोठा तो मुंगळा. मग काळी की लाल, एवढं पाहिलं की झालं. वाळवंटात मात्र आकार आणि रंग या दोन्ही खुणा हमखास दगा देतात.

कॅटाग्लिफिस हा वाळवंटी मुंग्यांचा वंश घ्या. (पुस्तकांत 'जाती' आणि 'प्रजाती' या शब्दांची इतकी सरमिसळ होते, की मी आज सरळ 'वंश' आणि त्याखाली 'प्रजाती' असंच म्हणणार आहे.) उत्तर आफ्रिकेपासून मध्य आशियापर्यंत पसरलेल्या या वंशात शंभराच्या आसपास प्रजाती आहेत. त्यातली एक बायकलर, म्हणजे दुरंगी. फॅब्रिशियस या कीटकशास्त्रज्ञाने 1793 मध्ये तिला हे नाव दिलं. नावातच रंग, त्यामुळे नवखा माणूस खूश होतो. पण लाल अंग आणि काळं पोट ही जोडी तिच्या जवळच्या इतर प्रजातींतही दिसते. आकाराचं तर विचारूच नका. एकाच बिळातून निघालेल्या लहान आणि मोठ्या मुंग्या मी दोन कुप्यांत भरल्या होत्या आणि दोन प्रजाती सापडल्या म्हणून चार दिवस मिरवलं होतं. सगळ्या सख्ख्या बहिणी निघाल्या.

मग पाहायचं कुठे? आधी कंबर पाहा. छाती आणि पोट यांच्यामध्ये जो बारीक सांधा असतो, तिथे कॅटाग्लिफिसला एकच मणी असतो. दाणे गोळा करणाऱ्या मेसॉरला दोन. हे साध्या भिंगातूनही दिसतं, आणि एवढ्यावर मोठी घराणी वेगळी होतात. आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या वाळवंटातली ऑसिमरमेक्स आणि ऑस्ट्रेलियातली मेलोफोरस बागोटी यांना धावताना पाहिलं तर दोघी कॅटाग्लिफिसच्या नात्यातल्याच वाटतील. लांब पाय, भर दुपारची वेळ, उन्हाने मेलेल्या किड्यांचा शोध, सगळं तेच. पण ऑसिमरमेक्सच्या कमरेला दोन मणी आहेत. ती मेसॉरच्या घराण्यातली. मेलोफोरसला एकच मणी, आणि पोटाच्या टोकाला नांगीऐवजी फॉर्मिक आम्ल सोडणारं बारीक गोल छिद्र; ती कॅटाग्लिफिसच्या बाजूची, तरी वंश निराळा. सारखं ऊन सोसून सारखी चण झाली, एवढंच.

त्यानंतर केस. सहारातली चंदेरी मुंगी, म्हणजे कॅटाग्लिफिसचीच बॉम्बिसिना ही प्रजाती, ओळखायला सगळ्यात सोपी. तिच्या पाठीवरचे आणि कुशींवरचे केस आडवे कापले तर त्रिकोणी दिसतात, त्यांवरून प्रकाश परावर्तित होतो आणि मुंगी पाऱ्याच्या थेंबासारखी लखलखते. पोटाखाली हे केस नाहीत. पळते सेकंदाला 855 मिलिमीटरपर्यंत, त्यामुळे पकडणं हे ओळखण्यापेक्षा कितीतरी अवघड.

सगळ्याच इतक्या सरळ नसतात. ट्युनिशिया-अल्जीरियाच्या खाऱ्या सपाट पट्ट्यांवर राहणारी याच वंशातली फोर्टिस पाहा. तिच्या चालण्यावर प्रयोगच प्रयोग झालेत. 2006 मध्ये तिच्या पायांना काड्या चिकटवून ते लांब केले, तर ती घराच्या पुढे निघून गेली. पाय आखूड केले तर अलीकडेच थांबून घर शोधू लागली. म्हणजे ती पावलांवरून अंतर जोखते. अशी ही प्रसिद्ध मुंगी फोरेल या मुंग्यांच्या अभ्यासकाने 1902 मध्ये नोंदवली खरी, पण स्वतंत्र प्रजातीचा दर्जा तिला मिळाला 1983 मध्ये, वेनर या संशोधकाकडून. एक्याऐंशी वर्षं ती दुसऱ्याच्या नावाखाली नांदली.

कामकरी मुंग्यांवरून निवाडा होईना, की नराकडे जावं लागतं. नराची जननेंद्रियं प्रजातीगणिक वेगळी असतात. या वंशातले गट मांडताना त्यांचा फार उपयोग झालाय. अडचण एवढीच, की पंखवाले नर वर्षातून थोडेच दिवस असतात आणि आपण नेमके तेव्हा तिथे नसतो.

'डीएनए तपासा की,' असं कुणीतरी म्हणणारच. जरूर तपासा. पण नेहमीच्या बारकोडसाठी, म्हणजे डीएनएच्या एका ठरलेल्या तुकड्यावरून प्रजाती ओळखण्यासाठी, वापरलेला जनुकाचा तुकडा फक्त आईकडून येतो. आता कॅटाग्लिफिसचीच हिस्पॅनिका ही प्रजाती पाहा. 2012 मध्ये तिच्याबद्दल कळलं ते असं: तिच्यात दोन वेगळ्या वंशावळी शेजारी-शेजारी राहतात. राणी दुसऱ्या वंशावळीच्या नराशी जुगते, आणि त्यातून होतात फक्त कामकरी, सगळ्या संकरित. नव्या राण्या ती नराच्या वाट्याविना, एकटीच्या जनुकांवर घडवते. म्हणजे आपण वाळूवरून जी मुंगी उचलतो ती मिश्र, आणि बारकोड सांगणार अर्धीच गोष्ट.

म्हणून कुपीतली चिठ्ठी मी जपून लिहितो. पेन्सिलनेच, कारण अल्कोहोलमध्ये बॉलपेनची शाई उतरते. माझ्या एका अख्ख्या मोसमाच्या चिठ्ठ्या अशा कोऱ्या झाल्यात. जागा, तारीख, बीळ कशा जमिनीत होतं, चालताना पोट उचललेलं होतं की आडवं. खाली वंशाचं नाव. प्रजातीच्या जागी बऱ्याचदा प्रश्नचिन्ह, आणि कोपऱ्यात तीन शब्द: 'नर मिळाला नाही'.