गुडघ्यातली पांढरी रेघ

श्रोतेहो, नमस्कार.

गुडघा दुखतो म्हणून एक्स-रे काढावा आणि रिपोर्टमध्ये भलताच शब्द निघावा, 'कॉन्ड्रोकॅल्सिनोसिस'! घरात कुणाला तो धड उच्चारताही येत नाही. मग दोन प्रश्न हटकून येतात. हे मलाच कसं झालं? आणि कॅल्शियमच्या गोळ्या बंद करू का? पहिल्या प्रश्नावर आज जरा सविस्तर बोलू, दुसऱ्याकडे त्याच वाटेने पोचू.

आधी ही गोष्ट दिसते कशी, ते सांगतो. एक्स-रेमध्ये हाड पांढरं दिसतं, कूर्चा मात्र दिसत नाही. मांडीचं हाड आणि नडगी यांच्यामध्ये जो काळा पट्टा असतो, तो रिकामा वाटतो खरा, पण आपण जिला गादी म्हणतो ती कूर्चा तिथेच असते. त्या काळ्या पट्ट्यात हाडाच्या कडेला धरून एक बारीक, तुटक पांढरी रेघ दिसली, खडू अलगद टेकवून ओढल्यासारखी, तर समजायचं की गादीत कॅल्शियमचे स्फटिक साचलेत. बहुतेक वेळा ते कॅल्शियम पायरोफॉस्फेट नावाच्या क्षाराचे असतात.

ही रेघ किती जणांच्या गुडघ्यात असते? एके काळी वाटायचं, अगदी मोजक्यांच्या. 1958 च्या सुमारास स्लोव्हाकियातल्या झित्न्यान आणि सित्याय या डॉक्टरांनी या विकाराचं वर्णन केलं. त्यांचे बरेच रुग्ण काही ठरावीक कुटुंबांतले होते, त्यामुळे हा घराण्यात चालत येणारा दुर्मीळ आजार वाटला. पुढे 1962 मध्ये अमेरिकेत मॅकार्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाऊटसारखे, म्हणजे युरिक अ‍ॅसिडच्या स्फटिकांनी सुजतात तसे सुजलेले सांधे तपासले. सांध्यातलं पाणी सूक्ष्मदर्शकाखाली धरलं, तर गाऊटचे सुईसारखे स्फटिक नव्हतेच. होते आखूड, चौकटीसारखे. त्या दुखण्याला नाव पडलं 'स्यूडोगाऊट', म्हणजे गाऊटची नक्कल करणारं.

पण दवाखान्यात येतो तो दुखतं म्हणून येतो. न दुखणाऱ्यांचे गुडघे कुणी पाहिलेच नव्हते! ते पाहिले अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावात. तिथल्या वयस्कर रहिवाशांच्या एक्स-रेंचा अहवाल 1989 मध्ये आला, आणि सुमारे 8 टक्के लोकांच्या गुडघ्यात ही रेघ निघाली. त्याहून बोलका आकडा वयाचा आहे. सत्तरीच्या आतल्यांत जेमतेम 3 टक्के, आणि पंच्याऐंशीच्या पुढे 27 टक्के! म्हणजे चारांत एकाहून जास्त. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमला चाळिशीच्या पुढचे लोक घेतले, तिथे वयाचा हिशेब जुळवून हे प्रमाण साडेचार टक्के आलं. म्हणून नुसती टक्केवारी ऐकली की मी आधी विचारतो, कुठल्या वयाची माणसं मोजली?

दुसरं विचारायचं ते, मोजलं कशाने? थोडेथोडके स्फटिक एक्स-रेमध्ये उमटतच नाहीत, चांगला साठा व्हावा लागतो. शिवाय काहींच्या गुडघ्यात काही नसतं आणि मनगटात असतं. तेव्हा खरं प्रमाण या आकड्यांहून जास्तच असावं, असं माझं मत.

मात्र साठीच्या आत ही रेघ दिसली, तर ती वयाच्या खात्यावर टाकून मोकळं होऊ नये. डॉक्टर अशा वेळी रक्तातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह आणि पॅराथायरॉइडचं, म्हणजे रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या गळ्यातल्या ग्रंथींचं, संप्रेरक तपासायला सांगतात. शरीरात लोह साठत जाण्याचा आनुवंशिक विकार उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत जास्त आढळतो. सांध्यांतली ही रेघ त्याची एक खूण असू शकते. काही घराण्यांत एएनकेएच नावाच्या जनुकात बदल सापडतो. हे जनुक पेशीबाहेरच्या पायरोफॉस्फेटच्या प्रमाणाशी निगडित आहे. गुडघ्याच्या जुन्या शस्त्रक्रियेनंतर, विशेषतः आतली चकती काढली असेल, तर त्या गुडघ्यातही स्फटिक साचण्याची शक्यता वाढते.

आता बीजिंगकडे. फ्रॅमिंगहॅमच्याच पद्धतीने तिथल्या साठीपुढच्यांचे गुडघे तपासले गेले. निष्कर्ष 2006 मध्ये आले. फ्रॅमिंगहॅमच्या गोऱ्या रहिवाशांत ही रेघ पुरुषांमध्ये 6.2 टक्के आणि स्त्रियांमध्ये 7.7 टक्के. बीजिंगमध्ये? पुरुष 1.8, स्त्रिया 2.7. तब्बल तिपटीचा फरक! गंमत म्हणजे बीजिंगच्या पिण्याच्या पाण्यात कॅल्शियम भरपूर. संशोधकांचा अंदाज असा, की आयुष्यभर ते पोटात गेल्याने पॅराथायरॉइडचं संप्रेरक आटोक्यात राहत असावं, आणि म्हणून रेघ कमी उमटत असावी. हा अंदाज आहे, सिद्धान्त नव्हे. वंशाचा भागही त्यात असू शकतो.

तर गोळ्यांचा प्रश्न. खाल्लेलं कॅल्शियम सरळ गादीत जाऊन बसत नाही. कूर्चेत पायरोफॉस्फेट जास्त झालं की तिथल्याच कॅल्शियमशी जुळून त्याचे स्फटिक होतात. गोळी हाडांसाठी दिली असेल, तर ही रेघ पाहून ती परस्पर बंद करू नका. रिपोर्ट घेऊन जा आणि डॉक्टरांनाच विचारा.

नमस्कार.