कर्ज, जमीन आणि दोन भाऊ : ‘हेल ऑर हाय वॉटर’मधला अभिनय

रसिकहो, डेव्हिड मॅकेन्झी यांच्या २०१६ सालच्या ‘हेल ऑर हाय वॉटर’ची सुरुवात पश्चिम टेक्सासमधल्या एका भिंतीवर रंगवलेल्या तक्रारीने होते. इराकमध्ये तीनदा जाऊन आलो, पण आमच्यासारख्यांना सावरायला कोणी पैसे देत नाही, असा तिचा आशय आहे. बँकांना सरकारने सावरले आणि कर्जदारांना वाऱ्यावर सोडले, ही २००८च्या आर्थिक संकटानंतरची सल या चित्रपटाच्या मुळाशी आहे.

टोबी आणि टॅनर हॉवर्ड या भावांच्या दिवंगत आईने रँच गहाण टाकून कर्ज काढलेले आहे. मुदतीत ते फिटले नाही, तर जप्ती अटळ. आणि त्याच जमिनीखाली आता तेल सापडले आहे. म्हणून हे दोघे त्याच बँकेच्या लहान लहान शाखा लुटतात, माग लागू नये म्हणून गल्ल्यातल्या सुट्या नोटाच उचलतात, ओक्लाहोमातल्या कॅसिनोत त्या पचवतात आणि बँकेचे कर्ज बँकेच्याच पैशाने फेडतात. टेलर शेरिडन यांच्या पटकथेतला हा हिशेब इतका चोख आहे की प्रेक्षक नकळत दरोडेखोरांच्या बाजूला जाऊन बसतो.

तिथे त्याला स्वस्थ बसू न देण्याचे काम जेफ ब्रिजेस करतात. निवृत्तीला टेकलेला टेक्सास रेंजर, म्हणजे राज्याच्या पोलीस दलातला तपास अधिकारी, मार्कस आपला सहकारी अल्बर्टो याला त्याच्या कोमान्ची (अमेरिकेतली एक मूलनिवासी जमात) आणि मेक्सिकन रक्तावरून सतत डिवचतो. माया व्यक्त करण्याची दुसरी रीत या माणसाला ठाऊकच नाही, हे ब्रिजेस स्वरातून आणि नजरेतून कळवतात. गिल बर्मिंगहॅम यांचा अल्बर्टो ते सोसतो, आणि एका निवांत क्षणी समोरच्या बँकेकडे बोट दाखवून सांगतो, की माझ्या पूर्वजांची भूमी या लोकांच्या वाडवडिलांनी हिसकावली, आता यांची भूमी ही बँक हिसकावून घेत आहे. काउबॉयच्या वेस्टर्न चित्रपटांनी दशकानुदशके ज्या भूमीचे गोडवे गायले, तिचा सातबारा इथे एका संवादात उलगडतो.

पुढे टॅनरच्या गोळीने अल्बर्टो मरतो आणि मार्कस दुरून नेम धरून टॅनरला टिपतो. त्यानंतर ब्रिजेसच्या चेहऱ्यावर हसू फुटते आणि तेच हसू हुंदक्यात विरते. सूड, सुटका आणि दुःख एकाच श्वासात येतात. मी पाहिलेल्या वेस्टर्नपटांत याहून खरा क्षण मला आठवत नाही.

बेन फॉस्टर यांचा टॅनर स्फोटक आहे, तो लगेच लक्षात राहतो. क्रिस पाइन यांचा टोबी मात्र खाली मान घालून, कमीत कमी शब्दांत वावरतो. मुलाला तो सांगतो, की माझ्याविषयी जे ऐकशील ते खरे मान, आणि माझ्यासारखा होऊ नकोस. हे सांगताना पाइन आवाज जराही चढवत नाहीत. पश्चात्ताप आणि समाधान ते शेजारी शेजारी राहू देतात. शेवटी रँचच्या ओसरीवर मार्कस त्याला जाब विचारायला येतो, तेव्हा गरिबी हा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आजार आहे, असे टोबी म्हणतो. मार्कसला ते पटत नाही, आपल्यालाही पुरते पटू नये. कारण त्या पैशाची किंमत निरपराधांनी जीव देऊन चुकवली आहे.

ऑस्करची चार नामांकने चित्रपटाला मिळाली, त्यात सहायक अभिनेता म्हणून ब्रिजेस यांचे नाव होते. पाइन यांना मात्र नामांकन मिळाले नाही, आणि हा मला अन्याय वाटतो. समोर त्यांची ती निश्चल शांतता नसती, तर ओसरीवरच्या त्या प्रसंगात ब्रिजेस यांच्या रागाला आदळायला भिंतच उरली नसती.