लेक बापाच्या रंगाची

मंडळी, टेबलावर दोन पिंजरे आणलेत. मागच्या रांगेतल्यांना नीट दिसणार नाहीत, त्यांनी नंतर जवळ येऊन पाहा. आत्ता मी सांगतो ते ऐका. डावीकडे झेब्रा फिंच या पिंजऱ्यात पाळायच्या छोट्या पक्ष्याची साधी राखी जोडी आहे. नराच्या गालावर नारिंगी ठिपका, गळ्याखाली काळ्या-पांढऱ्या बारीक रेघा, छातीवर काळा पट्टा, कुशीला तपकिरी रंग आणि त्यावर पांढरे टिपके. मादीकडे यातलं काही नाही. तिचं अंग राखी, डोळ्याखाली काजळ ओघळल्यासारखी काळी रेघ, आणि चोच नराच्या लाल चोचीपेक्षा फिकी, नारिंगीकडे झुकणारी. उजवीकडच्या पिंजऱ्यात फॉन जोडी आहे. नक्षी तीच, फक्त जिथे राखी होतं तिथे दुधाच्या चहासारखा तपकिरी रंग आहे. नराच्या छातीचा पट्टासुद्धा काळा न राहता तपकिरी झालाय. गाल मात्र होता तसाच नारिंगी.

पिसांमध्ये मेलॅनिन नावाचं रंगद्रव्य दोन प्रकारचं असतं, एक काळं आणि एक तांबूस. फॉन पक्ष्यात काळं रंगद्रव्य पूर्ण काळं होत नाही, तपकिरीवर थांबतं. तांबूस रंगद्रव्याला धक्का लागत नाही, म्हणून गाल तसाच. एवढ्या एका बदलामुळे पक्षी वेगळ्याच जातीचा वाटायला लागतो.

आता माझा प्रश्न. उजवीकडचा फॉन नर डावीकडच्या राखी मादीला लावला, घरट्यासाठी मडकं टांगलं, पाच पिल्लं उडाली. रंग काय असतील? अर्धी राखी, अर्धी फॉन, असं उत्तर हमखास येतं. आत्ताही दोघातिघांनी तेच म्हटलं. तसं होत नाही. सगळे नर राखी निघतात आणि सगळ्या माद्या फॉन. एकही अपवाद नाही. आता उलटी जोडी लावा, राखी नर आणि फॉन मादी. नर राखी रक्ताचा असेल, तर सगळीच पिल्लं राखी निघतात, नरही आणि माद्याही. पक्षी तेच दोन रंगांचे, फक्त कोण बाप आणि कोण आई एवढंच बदललं आणि घरट्यातला सगळा हिशेब फिरला.

याचं कारण लिंगगुणसूत्रांत आहे. माणसात पुरुषाकडे दोन वेगळी लिंगगुणसूत्रं असतात आणि स्त्रीकडे एकाच प्रकारची दोन. पक्ष्यांत याच्या उलट आहे. नराकडे दोन झेड, मादीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. फॉनचं जनुक झेडवर बसलेलं आहे आणि ते अप्रभावी आहे. म्हणजे त्याच्या जोडीला दुसऱ्या झेडवर साधं जनुक असलं की फॉन दबून राहतं. नराकडे दोन झेड, म्हणून त्याच्यात ते दबू शकतं. दिसायला राखी, पोटात फॉन. यालाच आपण ‘स्प्लिट’ म्हणतो. मादीकडे झेड एकच, आणि डब्ल्यूवर या जनुकाचा जोडीदारच नाही. तिच्या एकुलत्या झेडवर जे असेल ते पिसांवर उतरणारच. आणि हा एकुलता झेड तिला येतो कुठून? आईनं तिला डब्ल्यू दिला म्हणूनच ती मादी झाली. झेड दिला बापानं. घराघरांत म्हणतात ना, पोरगी बापाच्या वळणावर गेली; फॉनच्या बाबतीत ते अक्षरशः खरं आहे. मादीचा रंग म्हणजे बापाकडून आलेली चिठ्ठी, उघडी, कुणालाही वाचता येईल अशी.

म्हणून एक गोष्ट आज इथून लक्षात ठेवूनच जा: स्प्लिट फॉन मादी नावाची वस्तू अस्तित्वात नाही. ती एक तर फॉन असते किंवा नसते. मी या छंदात नवा होतो तेव्हा एका विक्रेत्यानं राखी मादी ‘स्प्लिट फॉन’ म्हणून जास्त पैशांना दिली. त्यालाही कदाचित ठाऊक नसेल. मी ती राखी नराला लावली आणि फॉन पिल्लांची वाट पाहत बसलो. तीन वेळा अंडी झाली, तीन वेळा पिल्लं आली, सगळी राखी. पैसे गेले त्याचं काही नाही. पण मला हव्या असलेल्या एका रंगासाठी त्या एवढ्याशा मादीनं लागोपाठ तीनदा अंड्यांचं ओझं वाहिलं, शेवटच्या खेपेला ती पिसं फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसून राहायची. समुद्रफेस होता, अंड्याची भाजलेली टरफलं होती, तरी कॅल्शियम पुरलं नाही. तिला मी महिनोन्‌महिने जोडीपासून बाजूला ठेवलं. आज मी आनुवंशिकीवर बोलतो ते तिच्यामुळे. हा हिशेब मला आधी येत असता, तर तिला तेवढा त्रास झालाच नसता.

लेकीचा रंग बापाकडून येतो, ही गोष्ट पक्षी पाळणाऱ्यांनीच आधी ओळखली होती, याचा मला फार अभिमान वाटतो. कॅनरी या दुसऱ्या पाळीव पक्ष्यात दालचिनी रंगाचा पक्षी असतो, त्याला सिनॅमन म्हणतात. त्याची पिल्लं अंड्यातून निघतात तेव्हा त्यांचे डोळे गुलाबी असतात. बाप सिनॅमन नसेल आणि त्याच्या रक्तातही सिनॅमन नसेल तर सिनॅमन मादी मिळत नाही, हे ती पैदास करणाऱ्यांना अनुभवानं माहीत होतं. फ्लोरेन्स डरहॅम आणि डोरोथिया मॅरियट या दोघींनी याच कॅनरींवर पद्धतशीर प्रयोग करून १९०८ साली ते मांडलं. फळमाशीतल्या पांढऱ्या डोळ्यावरचा जीवशास्त्रज्ञ मॉर्गनचा प्रसिद्ध लेख १९१० चा. पाठ्यपुस्तकात लिंगसंलग्न आनुवंशिकता शिकताना माशी भेटते, कॅनरी भेटत नाही. ती भेटायला हवी.

पण ‘मादी लपवत नाही’ हा नियम सगळ्या रंगांना लावू नका. तो झेडवरच्या रंगांपुरता आहे. झेब्रामध्ये ते म्हणजे फॉन, फिकट पाठीचा लाइटबॅक आणि जवळजवळ पांढरा दिसणारा चेस्टनट फ्लँक्ड व्हाइट, ज्याला सगळे सीएफडब्ल्यू म्हणतात. पांढरा, पांढऱ्या डागांचा पाइड, पांढऱ्या पोटाचा पेंग्विन, काळ्या छातीचा हे रंग इतर गुणसूत्रांवरचे आहेत आणि तेही अप्रभावी. तिथे नर आणि मादी दोघंही रंग पोटात ठेवू शकतात, आणि पिल्लावर तो दिसायचा तर दोघांकडूनही यावा लागतो.

हे कळलं नाही की घरात कसा गोंधळ होतो, त्याची एक गोष्ट. ओळखीतल्या एकाचा फोन आला. त्यांच्या पांढऱ्या नराला आणि पांढऱ्या मादीला पिल्लं झाली होती आणि सगळी राखी! त्यांना वाटलं, मादी आधी दुसऱ्या कुणाबरोबर असणार. कॉलनीत ठेवलेल्या झेब्रांमध्ये तसं होतं, हे खरं आहे. पण ही जोडी कित्येक महिने एकटीच पिंजऱ्यात होती. मी गेलो, मादीला हातात घेतलं, खिडकीशी नेलं. डोळ्याखाली फिकट करडी रेघ होती, ओघळलेल्या काजळाची तीच रेघ. पाठीवरही किंचित साय धरल्यासारखी छटा. शुद्ध पांढऱ्या पक्ष्याला ती रेघ नसते. म्हणजे मादी सीएफडब्ल्यू होती आणि नर खरा पांढरा. दोघांचा पांढरेपणा वेगवेगळ्या जनुकांमुळे. पिल्लांना बापाकडून सीएफडब्ल्यूच्या जागी साधं जनुक मिळालं, आईकडून पांढऱ्याच्या जागी साधं जनुक मिळालं. दोन्ही ठिकाणची उणीव भरून निघाली आणि जंगलातला मूळ राखी रंग परत आला. मादीचा काहीएक दोष नव्हता. त्या दिवशी ते गृहस्थ बराच वेळ पिंजऱ्यासमोर गप्प बसून होते.

आता तुऱ्याबद्दल. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. डोक्यावर पिसांचं फूल असलेला क्रेस्टेड झेब्रा दिसतो गोड. तुऱ्याचं जनुक प्रभावी आहे, एका पालकाकडून आलं तरी तुरा येतो. साहजिकच लोकांना वाटतं, दोघंही तुरेवाले लावले तर सगळी पिल्लं तुरेवाली मिळतील. पण हे जनुक दोन्हीकडून आलं की पिल्लू जगत नाही. अंड्याच्या कवचातच संपतं. तुरेवाला गुणिले तुरेवाली अशी जोडी लावली की सरासरी चारातलं एक अंडं मरणासाठीच घातलं जातं.

अंडं पाचव्या-सहाव्या दिवशी अंधारात बारीक टॉर्चवर धरून पाहा. आत लाल शिरांचं जाळं दिसतं, मधोमध ठिपका, आणि नशीब असेल तर तो ठिपका हलताना दिसतो. पुढच्या खेपेला तेच अंडं पाहावं आणि शिरा विरून नुसती एक तांबडी कडी उरलेली असावी, हे ज्यानं पाहिलंय त्याला पुन्हा सांगावं लागत नाही. तुरेवाल्याला साधा, सपाट डोक्याचा जोडीदार द्या. निम्मी पिल्लं तुरेवाली येतात. दोन तुरेवाल्यांच्या जोडीत जगलेल्यांतली दोन तृतीयांश तुरेवाली असतात हे खरं, पण त्या आकड्यात कवचातच गेलेली पिल्लं मोजलेली नाहीत.

नात्यातल्या जोड्यांचंही तसंच आहे. नवा रंग घरात एकच पक्षी घेऊन येतो आणि तो वाढवायच्या घाईत भाऊ-बहिणीची जोडी लागते. शेफील्ड विद्यापीठातल्या टिम बर्कहेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झेब्रांवरच हा अभ्यास करून २०१२ मध्ये छापला: भावंडांच्या जोड्यांची पिल्लं लवकर मरतात. आपल्याला न दिसणाऱ्या, दबलेल्या रंगाच्या जोडीनं दहा वाईट गोष्टीही दबून बसलेल्या असतात, त्या सगळ्या एकदम वर येतात. अप्रभावी रंग मिळवायला दोन्हीकडून तेच जनुक हवं, हे आपण पाहिलंच. नेमकी हीच गरज आजारालाही उघडं पाडते. म्हणून स्प्लिट नर बाहेरच्या, धडधाकट राखी मादीला लावा. एक पिढी जास्त लागेल. लागू द्या.

कुणीतरी चिठ्ठी पाठवलीय, खाण्यानं रंग बदलतो का? पिसांचा फॉन किंवा राखी रंग नाही बदलत, तो मेलॅनिनचा आहे. चोचीची गोष्ट वेगळी. दाण्यातली पिवळी रंगद्रव्यं पक्ष्याच्या अंगात लाल रंगात बदलतात आणि ती चोचीत उतरतात. हा बदल घडवणारं जनुक २०१६ मध्ये सापडलं, तेही पिवळ्या चोचीच्या झेब्रांमुळे. राळा, बाजरी तर द्याच, पण कोथिंबीर, पालक ओला करून द्या. बाजारात रंगवलेल्या मुनिया विकतात, त्या मात्र कुणी घेऊ नका. तो रंग बाटलीतला असतो, आणि आपल्या देशी मुनिया पकडणं, पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. मूळचा ऑस्ट्रेलियातला झेब्रा पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात जन्मलेला आहे, म्हणून आपण त्याच्याबद्दल बोलतोय.

गुल्डियन फिंच या रंगीबेरंगी पक्ष्याबद्दलही विचारलंय. थोडक्यात सांगतो: त्याचं डोकं लाल की काळं हेही झेडवरच ठरतं, फक्त तिथे लाल प्रभावी आहे. पिवळ्या डोक्याचं जनुक वेगळ्या गुणसूत्रावर. सारा प्राइक आणि सायमन ग्रिफिथ यांनी २००९ मध्ये दाखवलं की लाल आणि काळ्या डोक्याच्या मिश्र जोडीत मुली जास्त मरतात, आणि अशा जोडीतली मादी मुलगे जास्त घालते. त्यावर बोलायला वेगळी संध्याकाळ हवी.

शेवटी डावीकडच्या पिंजऱ्याकडे येऊ. हा राखी नर मला मित्रानं दिला, त्याचा बाप कोण हे माहीत नाही. तो स्प्लिट आहे का? पाहून कळणार नाही. त्याच्या लेकींना विचारावं लागेल. तो स्प्लिट असेल तर प्रत्येक लेक फॉन निघण्याची शक्यता निम्मी. माझ्या वहीत आजवर त्याच्या पाच लेकी आहेत, पायातल्या कडीच्या नंबरांसह, आणि पाचही राखी. स्प्लिट असूनही लागोपाठ पाच राखी लेकी होण्याची शक्यता ३२ मध्ये एक. मुलग्यांचे रंगही लिहिलेत, पण या मादीबरोबर त्यांच्यावरून काहीच कळत नाही. ती राखी असल्यामुळे मुलगे राखीच दिसणार. मडक्यात आत्ता चार अंडी आहेत, दोघं आलटून पालटून बसतात. पिल्लं साधारण तेराव्या दिवशी निघतील, पिसं भरायला आणखी तीनेक आठवडे. मादी या खेपेनंतर विश्रांतीला जाईल, लेकी निघोत न निघोत. वही इथे टेबलावर ठेवतो, ज्यांना हवं त्यांनी चाळा.