कान गार पडले की

(पहाटेचा गोठा. कंदिलासारखा मिणमिणता बल्ब. धारांचा आवाज.)

संगमनेर तालुक्यातला सात गायींचा हा गोठा. साडेपाच वाजलेत. सहा गायी उठून दावणीशी उभ्या आहेत, वैरणीकडे माना लांबवून. सातवी उठलेली नाही. काल सकाळी ती व्याली. तिसरं वेत, कालवड झाली, घरात खरवस झाला, आळीत वाटीवाटीने चीक वाटून झाला. आणि आता ती बसून आहे. मान कुशीकडे वळवलेली. सरळ केली तर परत तिथेच जाते. नाकपुडी कोरडी, रवंथ बंद.

गोठ्यात अशा वेळी सल्ले आधी पोचतात. कुणी म्हणतं दृष्ट लागली. कुणी म्हणतं गुळाचं पाणी पाजा. एक म्हातारबाबा डाग द्यायला सांगतात, म्हणजे तापलेल्या लोखंडाची डागणी.

रोज धारा काढणारी घरची सून यातलं काही करत नाही. ती गायीच्या कानाला हात लावते. कान गार आहेत. मग भिंतीच्या खुंटीवरून ती एक छोटा डबा काढते. त्यात थर्मामीटर आहे, त्याला दोरा आणि दोऱ्याला चिमटा. चिमटा शेपटीच्या केसांना लावायचा, म्हणजे गुदद्वारात घातलेला थर्मामीटर आत गडप होत नाही. तो शेणात खुपसायचा नाही, आतल्या बाजूला टेकवून धरायचा. नाहीतर शेणाचं तापमान कळतं, गायीचं नाही.

पारा 99 वर थांबतो.

निरोगी गायीचं तापमान साधारण 101 ते 102 अंश फॅरनहाइट. तेव्हा या गायीला ताप नाही, उलट ती थंड पडते आहे. या दुखण्याला दुग्धज्वर म्हणतात. नाव ठेवणाऱ्याने मोठाच घोळ करून ठेवलाय, कारण यात ज्वर नसतोच. नाव ऐकून तापाची गोळी द्यायला धावणारे आजही भेटतात.

होतं काय, ते समजून घेण्यासारखं आहे. गायीच्या रक्तात फिरणारं कॅल्शियम एका वेळी जेमतेम 3 ग्रॅम असतं. एक लिटर चिकातून 2 ग्रॅमच्या आसपास बाहेर जातं. दहा लिटर चीक निघाला, की हिशेब तुम्हीच करा. हाडांत साठा भरपूर असतो, पण तो सोडवून रक्तात आणायला शरीराला एक-दोन दिवस लागतात. कास मात्र थांबत नाही. मग स्नायू ढिले पडतात, पाय धरत नाहीत, पोटाची हालचाल मंदावते. व्याल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांतलं हे दुखणं, तेही बहुतेक तिसऱ्या वेतापासून पुढे आणि भरपूर दूध देणाऱ्या संकरित गायींत. शेजारच्या अकोले तालुक्यातल्या डांगी या गावरान जातीच्या गायीला ते क्वचितच गाठतं. तिच्या कासेला एवढी घाई नसते.

आणि हे ऐकून लोक चकित होतात: गाभणपणाच्या शेवटच्या तीन आठवड्यांत कॅल्शियमच्या बाटल्या पाजल्या तर धोका वाढतो. आयतं मिळत राहिलं, की शरीर हाडांकडे मागायचं विसरतं.

(फोनवर बोलणं. 1962 हा जनावरांच्या डॉक्टरांना बोलवायचा क्रमांक.)

डॉक्टर वाटेत आहेत. तोवर गायीला एका कुशीवर लोळू द्यायचं नाही. दोन्ही बाजूंना भुसा भरलेली पोती लावून तिला छातीवर बसती ठेवायची. तोंडात मात्र काहीही ओतायचं नाही. तिचं गिळणं मंदावलंय. बाटलीतलं गुळाचं पाणी पोटाऐवजी फुफ्फुसात उतरतं. मूळ दुखण्यावर तासाभरात इलाज झाला असता, अशा गायी नंतर निमोनियाने गेलेल्या या भागातल्या डॉक्टरांनी पाहिल्या आहेत.

हाताशी वेळ आहे, तर बाकीच्या धारा. सून प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन धारा काळ्या फडक्यावर काढते. चौथ्या गायीच्या एका सडातून बारीक गाठी येतात. दगडीची, म्हणजे कासेच्या दाहाची सुरुवात. कास अजून सुजलेली नाही, दुखत नाही, दूध दिसायला पांढरंच आहे. फडकं नसतं तर चार दिवसांनी कळलं असतं, सड कडक झाल्यावर. ही गाय आता सगळ्यांच्या शेवटी पिळायची आणि तिचं दूध डेअरीला घालायचं नाही. धार काढल्यावर सडाचं तोंड अर्धा तास तरी उघडं असतं, म्हणून ती पुढ्यात वैरण टाकते. खात राहिली, की गाय शेणात बसत नाही. याला पैसा लागत नाही, तरी फार थोड्या गोठ्यांत होतं.

(मोटरसायकल थांबते.)

शेजाऱ्याने तेवढ्यात दुखण्याच्या इंजेक्शनची बाटली आणून ठेवलीय. डॉक्टर ती उचलून नाव वाचतात आणि परत देतात. डायक्लोफिनॅक. जनावरांसाठी त्यावर 2006 पासून बंदी आहे. हे औषध टोचलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, तर गिधाडांचे मूत्रपिंड निकामी होतात. आपल्या आभाळातली गिधाडं गेली ती मुख्यतः अशीच. आणि या गायीला दुखतच नाहीये.

कॅल्शियम बोरोग्लुकोनेटची 450 मिलिलिटरची बाटली कोमट पाण्यात ठेवली जाते. मग मानेच्या शिरेतून, थेंबाथेंबाने. डॉक्टरांचा एक हात बाटलीवर, दुसऱ्या हातातला स्टेथोस्कोप छातीवर. भराभर सोडलं तर हृदय थांबू शकतं, म्हणून हे काम घरच्यांनी करायचं नाही, कितीही वेळा पाहिलं असलं तरी.

दहा मिनिटं काही घडत नाही. मग खांद्याचे स्नायू थरथरतात. कोरड्या नाकपुडीवर घामासारखे थेंब फुटतात. गाय मोठा ढेकर देते. आजी पदराने डोळे पुसतात. गाय शेण टाकते, घट्ट, आणि तेवढंच सगळ्यांना हसायला पुरतं.

पावणेआठला ती मागचे पाय आधी उचलते, क्षणभर गुडघ्यांवर थांबते आणि उभी राहते. डॉक्टर बजावतात, दोन दिवस कास पूर्ण रिकामी करायची नाही, कालवडीपुरतं आणि थोडं वर, बस. परत बसली तर लगेच फोन.

म्हातारबाबा विचारतात, मग डाग नाहीच द्यायचा?

सून थर्मामीटर धुऊन पुसते, डब्यात ठेवते, डबा खुंटीला अडकवते. कालवड आईच्या कासेला ढुशा देऊ लागलीय.