समुद्राचा तरुण तळ

श्रोतेहो, नमस्कार.

कॅनडाच्या वायव्य भागात अकास्टा नदीच्या परिसरात जवळपास ४०० कोटी वर्षांपूर्वीचे खडक आजही उघड्यावर आहेत. पृथ्वीचं स्वतःचं वय ४५४ कोटी वर्षं, म्हणजे हे खडक तिच्या अगदी बालपणातले. आता खोल समुद्रात या. तिथला गाळ बाजूला करून खालचा मूळ खडक तपासला, तर तो जवळजवळ सगळीकडे २० कोटी वर्षांहून कमी वयाचा निघतो. वर पाणी पुरातन आणि खाली जमीन तरुण. पृथ्वीवर महासागर अब्जावधी वर्षांपासून आहेत, मग त्यांचे जुने तळ गेले कुठे?

पृथ्वीबद्दल माणसाला पडलेल्या प्रश्नांमधला हा मला सर्वांत सुंदर प्रश्न वाटतो. कारण त्याचं उत्तर शोधायला समुद्रात नुसतं उतरून भागत नाही, पार पृथ्वीच्या गाभ्यापर्यंत जावं लागतं.

तिथवर प्रत्यक्ष जाणं तर अशक्यच. रशियाच्या कोला द्वीपकल्पावर १९७० साली एक भोक पाडायला सुरुवात झाली. १९८९ साली ते १२,२६२ मीटर खोल गेलं. तळाशी तापमान १८० अंश सेल्सिअसपर्यंत चढलं, खडक मऊ पडू लागला आणि काम थांबलं. पृथ्वीच्या केंद्रापर्यंतचं अंतर आहे ६,३७१ किलोमीटर. एवढ्या वर्षांच्या मेहनतीत त्याचा पाचशेवा भागही गाठून झाला नाही.

तरीही आतल्या थरांची खोली आपल्याला नेमकी ठाऊक आहे, ती भूकंपांमुळे. मोठा भूकंप झाला की त्याच्या लहरी पृथ्वीच्या आरपार जातात. प्राथमिक लहरी खडकाला पुढेमागे दाबत, ताणत जातात. त्या वेगवान असतात आणि घन, द्रव दोन्हींतून जातात. दुय्यम लहरी खडकाला आडवं हलवत जातात. त्या मागून पोचतात, आणि द्रवातून त्यांना वाटच मिळत नाही. या दुसऱ्या गुणधर्मावर पुढचं सगळं शास्त्र उभं आहे. एखाद्या ठिकाणी भूकंप झाला, तर त्याची प्राथमिक लहर केंद्रातून जाऊन पृथ्वीच्या बरोबर विरुद्ध टोकाला साधारण २० मिनिटांत पोचते. म्हणजे या भाषणाला लागेल त्याहून थोडासाच जास्त वेळ.

१२ जून १८९७ रोजी आसामात प्रचंड भूकंप झाला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागातले रिचर्ड ओल्डहॅम यांनी त्याचा तपशीलवार अभ्यास केला. दूर युरोपातल्या उपकरणांनी या भूकंपाची जी नोंद केली होती, तीत त्यांना या वेगवेगळ्या लहरी स्पष्टपणे ओळखता आल्या. पुढे १९०६ साली त्यांनी दाखवून दिलं, की पृथ्वीच्या मध्याजवळून येणाऱ्या लहरी अपेक्षेपेक्षा उशिरा पोचतात. तेव्हा मध्यभागी काहीतरी वेगळं, लहरींना मंदावणारं असलं पाहिजे. तो गाभा. तीन वर्षांनी झाग्रेबजवळच्या भूकंपाच्या नोंदी पाहताना आंद्रिया मोहोरोविचिच यांना दिसलं, की एकाच भूकंपाच्या प्राथमिक लहरी दोन खेपांनी येत आहेत. काही लहरी वरच्या थरातून सरळ आलेल्या, काही खालच्या दाट थरात शिरून, तिथून वेगानं धावत आलेल्या. त्या दोन थरांमधली सीमा आज त्यांच्याच नावानं, ‘मोहो’ म्हणून ओळखली जाते. वर कवच, खाली प्रावरण. बेनो गुटेनबर्ग यांनी गाभा किती खोलीवर सुरू होतो ते काढलं, सुमारे २,९०० किलोमीटर. दुय्यम लहरी त्यापलीकडे जात नाहीत, म्हणजे गाभा द्रव आहे, हेही ठरलं.

इथे इंगे लेमान यांच्याबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं. या डेन्मार्कच्या भूकंपशास्त्रज्ञ. गाभा प्राथमिक लहरींना वाकवतो, त्यामुळे भूकंपकेंद्रापासून ठरावीक अंतरावर एक पट्टा असा राहतो की तिथे या लहरी पोचायला नकोत. त्याला छायाप्रदेश म्हणतात. १९२९ साली न्यूझीलंडमध्ये मोठा भूकंप झाला आणि त्याच्या क्षीण लहरी या छायाप्रदेशातल्या नोंदणी केंद्रांवरही उमटल्या. इतरांना तो किरकोळ अपवाद वाटत होता. लेमान यांनी त्या नोंदी सोडल्या नाहीत. संगणक नव्हते. एकेका केंद्रावर लहर कधी पोचली ते त्या पुठ्ठ्याच्या कार्डांवर लिहीत आणि ती कार्डं ओटच्या रिकाम्या खोक्यांत लावून ठेवत. १९३६ साली त्यांनी निष्कर्ष मांडला: द्रव गाभ्याच्या आत आणखी एक गाभा आहे आणि या लहरी त्याच्यावरून वळून आल्या आहेत. त्याची त्रिज्या आज सुमारे १,२२० किलोमीटर मानली जाते, आणि तो घन आहे. पाच हजार अंशांहून जास्त तापमानातही तिथलं लोखंड वितळत नाही, कारण वरून पडणारा दाब अफाट आहे. एका बाईंनी कागदावरच्या बारीक थरथरीतून चंद्रापेक्षा लहान असा एक गोळा पृथ्वीच्या पोटात शोधून काढला, याचं मला आजही तितकंच अप्रूप वाटतं.

तर एकूण चित्र असं. सर्वांत वर कवच: खंडांखाली सरासरी ३५ ते ४० किलोमीटर, मोठ्या पर्वतांखाली ७० किलोमीटरपर्यंत, आणि समुद्राखाली जेमतेम ७ किलोमीटर. त्याखाली २,९०० किलोमीटर खोलीपर्यंत प्रावरण. मग लोखंड आणि निकेलचा द्रव बाह्य गाभा, आणि मध्ये घन अंतर्गाभा.

प्रावरणाबद्दल एक गैरसमज फार खोल रुजलेला आहे. कवचाखाली सगळीकडे वितळलेला, लालबुंद रस खदखदतोय आणि आपण त्यावर तरंगतोय, असं चित्र अनेकांच्या मनात असतं. तसं नाही. दुय्यम लहरी प्रावरणातून व्यवस्थित जातात. प्रावरण घन आहे. पण हिमनदीचं बर्फ घन असूनही उतारावरून सरकत राहतं, तसा हा तप्त खडकही घन अवस्थेतच वाहतो. वर्षाला काही सेंटिमीटर. खालचा तापलेला खडक हळूहळू वर येतो, वरचा थंड झालेला खाली जातो. कोट्यवधी वर्षांच्या हिशेबात ही गती मुळीच कमी नाही.

आता समुद्राच्या तळाकडे वळू. पूर्वी तळाची खोली मोजायला दोरीला वजन बांधून सोडत. विसाव्या शतकात ध्वनीचा उपयोग सुरू झाला. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो, प्रतिध्वनी परत यायला किती वेळ लागला त्यावरून खोली कळते. अशा मोजमापांचे ढीग न्यूयॉर्कजवळच्या लॅमाँट वेधशाळेत जमा होत होते. ती आणणारी जहाजं होती, पण मारी थार्प यांना त्या जहाजांवर जायची परवानगी नव्हती, कारण त्या स्त्री होत्या. त्या टेबलाशी बसून आकड्यांवरून तळाचे उठाव काढत. १९५२ साली अटलांटिक महासागराचे सहा छेद एकाखाली एक मांडल्यावर त्यांना दिसलं, की मधल्या पर्वतरांगेच्या माथ्यावर प्रत्येक छेदात एक खोल खाच आहे, आणि सगळ्या खाचा एका रेषेत येतात. ही खचदरी होती. जमीन दोन बाजूंना ताणली जात असेल तरच अशी दरी तयार होते. त्यांचे सहकारी ब्रूस हीझन यांनी ते आधी ‘बायकी गप्पा’ म्हणून उडवून लावलं, कारण याचा अर्थ खंड सरकतात असा होत होता, आणि तसं म्हणणं त्या काळी अडाणीपणाचं लक्षण समजलं जाई. पण शेजारच्याच टेबलावर समुद्रातल्या भूकंपांची केंद्रं नकाशावर मांडण्याचं काम चाललं होतं. दोन्ही नकाशे एकावर एक ठेवले तेव्हा भूकंपांचे ठिपके बरोबर त्या दरीतच पडलेले निघाले.

ही पर्वतरांग फक्त अटलांटिकमध्ये नाही. पृथ्वीभोवती शिवण घालावी तशी ती सगळ्या महासागरांतून फिरते, एकूण लांबी सुमारे ६५,००० किलोमीटर. जगातली सर्वांत लांब पर्वतरांग ही आहे, आणि जवळजवळ सगळी पाण्याखाली. नवा तळ जन्माला येतो तो इथेच. दोन भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या वरच्या कडक थराचे प्रचंड तुकडे, एकमेकांपासून दूर सरकतात, त्या फटीखाली प्रावरणाचा खडक वर उचलला जातो. वर येताना त्याच्यावरचा दाब कमी होतो, आणि दाब कमी झाला की तो वितळायला लागतो. बाहेरून जास्त उष्णता मिळावी लागत नाही. हा शिलारस वर येऊन थिजतो आणि नवं कवच तयार होतं. अटलांटिकमध्ये वर्षाला दोन-अडीच सेंटिमीटर, पूर्व प्रशांत महासागरात काही ठिकाणी १५ सेंटिमीटरपर्यंत. हॅरी हेस यांनी १९६२ साली ही कल्पना मांडली, पण हाती पुरावा नव्हता.

तो पुरावा हिंदी महासागरातून आला, आणि तो लिहिला होता थेट गाभ्यानं. बाह्य गाभ्यातल्या द्रव लोखंडाच्या हालचालीतून पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. हे क्षेत्र अधूनमधून पालटतं, उत्तर आणि दक्षिण ध्रुव अदलाबदल करतात. असा शेवटचा पालट सुमारे ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वी झाला. बेसाल्ट खडक थंड होताना त्यातली चुंबकीय खनिजं त्या वेळच्या क्षेत्राची दिशा कायमची धरून ठेवतात. १९६२ साली ड्रमंड मॅथ्यूज यांनी कार्ल्सबर्ग पर्वतरांगेवर जहाजातून चुंबकीय मोजणी केली. ही रांग अरबी समुद्राच्या दक्षिणेला आहे. त्यांचे विद्यार्थी फ्रेड व्हाइन यांनी ते आकडे तपासले आणि १९६३ साली दोघांनी मिळून अर्थ सांगितला: तळ पसरत असेल, तर रांगेच्या दोन्ही बाजूंना सुलट-उलट चुंबकत्वाचे पट्टे, एकमेकांच्या प्रतिबिंबासारखे, दिसले पाहिजेत. कॅनडाचे लॉरेन्स मॉर्ली यांनी स्वतंत्रपणे हेच लिहून पाठवलं होतं. दोन नियतकालिकांनी ते परत केलं. पुढच्या काही वर्षांत इतर रांगांवर हे पट्टे इतक्या काटेकोरपणे जुळले, की वाद फारसा उरला नाही. १९६८ च्या अखेरीस ‘ग्लोमार चॅलेंजर’ या जहाजानं दक्षिण अटलांटिकमध्ये ओळीनं भोकं पाडली. रांगेपासून जितकं दूर जावं, तितकं खडकाला टेकलेल्या गाळाचं वय वाढत गेलं.

२,९०० किलोमीटर खाली, जिथे आपण कधी पोचणार नाही, तिथल्या हालचालींचा इतिहास समुद्राच्या तळावर पट्ट्यापट्ट्यांनी उमटलेला आहे, आणि तो एका जहाजाच्या मागे दोरीनं ओढलेल्या उपकरणाला वाचता येतो. मी हे कितीदा तरी सांगितलं असेल, पण सांगताना दर वेळी अंगावर काटा येतो.

या तळाची रचनाही समजली आहे. वर गाळ, त्याखाली पाण्यात थिजलेला उशीच्या आकाराचा लाव्हा, मग भेगांत थिजलेल्या शिलारसाच्या उभ्या भित्ती, खाली सावकाश थिजलेला गॅब्रो खडक, आणि मोहोच्या पलीकडे प्रावरणाचा हिरवट पेरिडोटाइट खडक. ओमानच्या डोंगरांत समुद्रतळाचा एक अख्खा तुकडा जमिनीवर चढून बसला आहे. तिथे मोहो ही सीमा चालत ओलांडता येते. १९७७ साली गॅलापागोसजवळ ‘अल्विन’ ही पाणबुडी अडीच किलोमीटर खोल उतरली, तेव्हा तळातून गरम पाण्याचे झरे वाहत होते, आणि त्यांच्याभोवती सूर्यप्रकाशाशिवाय जगणारी जीवसृष्टी होती. दोन वर्षांनी पूर्व प्रशांत महासागरातच साडेतीनशे अंशांचं काळं पाणी ओकणारी धुराडी सापडली.

आणि जुने तळ? रांगेपासून दूर जाताना तळ थंड होतो, आकसतो, जड होतो. नवा तळ साधारण अडीच किलोमीटर खोल असतो, जुना साडेपाच-सहा किलोमीटरवर उतरतो. शेवटी तो इतका जड होतो की दुसऱ्या भूपट्टाखाली घुसून प्रावरणात बुडू लागतो. तिथे सागरी गर्ता तयार होतात. मेरियाना गर्ता जवळपास ११ किलोमीटर खोल आहे. बुडणारा पट्ट स्वतःच्या वजनानं मागचा सगळा भाग ओढत नेतो. भूपट्टांना हलवणारं हेच सर्वांत मोठं बळ आहे. खाली जाताना तो कडकडतो, त्याचे भूकंप ७०० किलोमीटर खोलीपर्यंत नोंदले जातात. त्याच्यातलं पाणी वरच्या खडकात मिसळतं, खडकाचा वितळणबिंदू उतरतो, आणि अँडीज किंवा जपानसारखे ज्वालामुखींचे पट्टे उभे राहतात. २६ डिसेंबर २००४ रोजी सुमात्रा ते अंदमान या पट्ट्यात सुमारे १,३०० किलोमीटर लांबीची अशीच एक सीमा एकाच धक्क्यात सुटली आणि त्या त्सुनामीनं दोन लाखांहून अधिक माणसं नेली. समुद्रतळाचा अभ्यास निव्वळ कुतूहलाचा विषय नाही, तो किनाऱ्यावरच्या प्रत्येकाशी निगडित आहे.

हे बुडालेले तळ आज भूकंपलहरींच्या मदतीनं प्रावरणात दिसतातही. उत्तर अमेरिकेच्या खाली फॅरेलॉन या जवळजवळ संपलेल्या पट्टाचे अवशेष खोलवर गेलेले आढळतात. काही पट्ट तर थेट गाभ्याच्या सीमेपर्यंत पोचलेले असावेत.

मोहो भेदून प्रावरणाचा तुकडा वर आणायचा पहिला प्रयत्न १९६१ साली मेक्सिकोच्या ग्वादालूप बेटाजवळ झाला. साडेतीन किलोमीटर पाण्याखाली १८३ मीटर भोक पडलं, पुढे पैशाअभावी प्रकल्प बंद झाला. २०२३ साली अटलांटिकमध्ये, जिथे प्रावरणाचा खडक भूहालचालींमुळे तळाजवळ वर आलेला आहे तिथे, १,२६८ मीटर खोलीपर्यंत खणून त्याचे लांबलचक नमुने काढले गेले. कवच पूर्ण भेदून, मोहो ओलांडून, जागच्या जागी असलेल्या प्रावरणात उतरलेलं भोक मात्र अजून जगात कुठेही नाही.

नमस्कार.